झाकलेला ग्लास

अगं, तू आधी फक्त ऐक. मधे काही बोलू नकोस. 'मग?' सुद्धा म्हणू नकोस, कारण मी एकदा थांबले ना की मला परत सुरू करता येणार नाही, आणि आज नाही सांगितलं तर मग कधीच नाही. झालं एवढंच, की सोमवारी आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारची बाई फोन घ्यायला उठली. बस, इतकंच. तू बघितलीयेस ना आमची दातांची लॅब, लांबट खोली, खिडकीखाली बाक, बाकावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि मी दिवसभर मेणात दात रोवत बसते. चहा आला होता. ती उठली, 'हॅलो हॅलो' करत दारापाशी गेली, परत आली, आणि माझ्याकडे बघून फिस्सकन हसली. म्हणाली, "येऊन गेली का झाकणमावशी?" मी म्हटलं, कोण? "अगं तू! आम्ही सगळे तुझ्यामागे तेच म्हणतो. कोणी उठलं रे उठलं की तुझा हात येतो आणि कपावर बशी ठेवून जातो." मी बघितलं तर तिच्या कपावर माझी बशी. निळ्या काठाची, माझीच. मी म्हटलं, प्लास्टरची धूळ पडते ना चहात, म्हणून ठेवली असेल. "आणि जेवताना पाण्याच्या ग्लासवर वही ठेवतेस ती? तिथे कुठलं आलंय प्लास्टर? परवा साहेब बोलता बोलता उठले तर त्यांच्या कपावर तू कोणाची तरी खालची कवळी ठेवलीस, बाई!" सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता, जिन्यात अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं झालं मला. कारण बशी ठेवल्याचं मला आठवतच नव्हतं. काही म्हणजे काही नाही. हात माझा, बशी माझी, आणि मी तिथे नव्हतेच.

आता तुला बारचं सगळं सांगायला लागणार, कारण तुला अर्धंच माहितीये. तुलाच काय, आईला तर अजूनही वाटतं की मी तेव्हा हॉटेलात रिसेप्शनवर होते. बाविसावं लागलं होतं. अरुंद जागा, एक लांब काउंटर, त्याच्यापुढे अकरा उंच स्टुलं, मागे आरसा, आणि आरशात बाटल्या दुप्पट. मालकाने पहिल्या दिवशी मला दारू ओतायला शिकवलं नाही, चकती ठेवायला शिकवलं. ग्लासखाली ठेवतात ना ती पुठ्ठ्याची गोल चकती, ती. नियम असा, की ग्लास अर्धा असताना माणूस उठला तर चकती ग्लासवर ठेवायची. म्हणजे हा परत येणार आहे, ग्लास उचलू नका, धुऊ नका, जागा कोणाला देऊ नका. गिऱ्हाईक जुनं असेल तर स्वतःच ठेवून जातं. विसरलं तर आपण ठेवायची. मालक म्हणायचा, "उघडा ग्लास म्हणजे उघडं दार, त्यातून कोणीही येतं." मला पहिले पंधरा दिवस सारखं विसरायला व्हायचं आणि तो लांबून नुसतं बोट करायचा. मग विसरणं बंद झालं. आणि तू बघ हं, गोष्ट विसरत नाही म्हणजे आठवते असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. ती हाताकडे जाते आणि डोक्यातून निघून जाते.

तिथे दोघं रोज यायचे. एक लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, आणि एक गार्ड, समोरच्या बँकेच्या दारात उभा राहणारा. चौथं आणि पाचवं स्टूल. दोघांची ड्यूटी सकाळची, त्यामुळे साडेतीन-चारला यायचे, बाकी बार तेव्हा ओस. लिफ्टवाला म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा. "आमचं काय ताईसाहेब, आयुष्य वर-खाली करण्यात गेलं आणि पोचलो कुठेच नाही." मला ताईसाहेब म्हणायचा, मी त्याच्या निम्म्या वयाची. गार्ड मला पोरी म्हणायचा आणि फार बोलायचाच नाही. मान खाली घालून ऐकायचा आणि मधेच एकदा नाकातून हसायचा. लिफ्टवाला रोज त्याच्यावर घसरायचा. याच्या कमरेला पिस्तूल आहे पण ते बाहेर काढायला याला मॅनेजरची चिठ्ठी लागते. बँकेत चोर शिरला तर हा त्याच्यासाठी दार धरून उभा राहील, इतकी सवय झालीये दार धरायची. गार्ड म्हणायचा, "हाण अजून." सहा-सात वर्षांची जोडी. म्हणून मला कळतच नाही, त्या दिवशी वेगळं काय होतं. नंतर कळलं की त्याच सकाळी बँकेने गार्डला सांगितलं होतं, पुढच्या महिन्यापासून कॅमेरे येणार, तुमची गरज नाही. त्याने सांगितलंच नव्हतं कोणाला. आणि त्या दिवशी नेमका लिफ्टवाला म्हणाला, "तुझं ते पिस्तूल म्हणजे आमच्या लिफ्टमधला धोक्याचा फोन, नुसता लावून ठेवलेला, पलीकडे कोणी उचलतच नाही." आणि मी हसले. अगं, चांगला होता विनोद! मी मनापासून, मोठ्याने हसले, पहिली मीच हसले, आणि हसत हसतच बर्फ काढायला काउंटरखाली वाकले. खाली बर्फाची पेटी होती, झाकण जड, त्यात बर्फाचं एकच ढेकूळ झालेलं, ते टोचायला लागायचं. मी टोचत होते. किती वेळ? तेच तर. पोलिसांनी विचारलं किती वेळ, वकिलांनी विचारलं किती वेळ, मी म्हटलं तीन मिनिटं असेल, चार असेल. त्या तीन-चार मिनिटांत माझ्या डोक्यावरच्या जगात काय झालं ते मला दिसलं नाही. मग दोन आवाज आले. मला वाटलं मागच्या फळीवरून पेटी पडली.

उठले तर लिफ्टवाला स्टुलावर नव्हता. खाली होता. गार्ड त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसलेला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन, पिस्तूल काउंटरवर, आणि तो मला म्हणाला, "पोरी, फोन लाव." इतक्या साध्या आवाजात, जसं रोज 'पोरी, पाणी दे' म्हणायचा. मी फोन लावला. फोन काउंटरच्या त्या टोकाला, म्हणजे मी त्यांच्या स्टुलांसमोरून चालत गेले. हे सगळं मी कोर्टात सांगितलंय, शब्दन् शब्द. पोलीस आले, फोटो काढले. फोटोत लिफ्टवाल्याचा ग्लास आडवा आणि गार्डचा ग्लास उभा, अर्धा भरलेला, आणि त्यावर चकती.

आता बघ. खटला सगळा एकाच गोष्टीवर अडला होता. मारलं त्यानेच, ते तो पहिल्या दिवसापासून कबूल करत होता. प्रश्न हा, की पिस्तूल कमरेलाच होतं, रागाच्या भरात हात गेला, की तो उठला, मागच्या गल्लीत लावलेल्या स्कूटरपाशी गेला, डिकीतून पिस्तूल काढलं, परत चालत आला आणि मारलं. पहिलं असेल तर जन्मठेप. दुसरं असेल तर तो गल्लीभर विचार करून आलेला माणूस, आणि त्याला फाशी. डिकी उघडी सापडली. तो म्हणाला, कुलूप महिनाभर बिघडलंय, मी उठलोच नाही जागेवरून. मग मला उभं केलं. सरकारी वकिलाने फोटो दाखवला आणि विचारलं, "ग्लासवर चकती असते तेव्हा त्याचा अर्थ काय?" मी म्हटलं, माणूस उठून गेलाय आणि परत येणार आहे. "चकती कोण ठेवतं?" मी म्हटलं, जाणारा ठेवतो. जुनी गिऱ्हाइकं स्वतःच ठेवतात. "हे गिऱ्हाईक जुनं होतं?" हो, म्हटलं. खरंच होतं गं! एक शब्द खोटा नव्हता. त्याचा वकील फुकटात मिळालेला, त्याने कागद चाळले आणि म्हणाला, "काही विचारायचं नाही." मला सुटल्यासारखं वाटलं, माझी साडेपाचची बस होती. आणि निकालात जजने काय लिहिलं माहितीये? की जो माणूस खून करायला जाताना आपला पेला झाकून जातो, परत येऊन प्यायचा म्हणून, त्याच्या मनात पश्चात्तापाला जागा असू शकत नाही. पेपरात मोठ्या अक्षरात आलं होतं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि वाटलं, बाप रे, आणि हा मला पोरी म्हणायचा! तो निकाल वरच्या कोर्टातही टिकला. मी बार सोडला, दातांचं शिकले. पाच वर्षं गेली. आणि सोमवारी ती बाई फोन घ्यायला उठली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी काय केलं सांगू? हसशील. पाण्याचा ग्लास भरला, टेबलावर ठेवला आणि उठले. स्वतःला पकडायला! दुसऱ्या खोलीत गेले, मुद्दाम गाणं म्हटलं, परत आले. ग्लास उघडा. परत उठले. उघडा. कसा पकडणार, मी लक्ष ठेवून होते ना, आणि लक्ष असलं की तो हात येतच नाही. आणि त्याच वेळी मला तो अंगठा आठवायला लागला. माझा, बर्फातून वर आलेला, बधिर. काहीतरी खरखरीत, कोरडं, पुठ्ठ्यासारखं त्याला लागलेलं. फोनकडे जाताना. चालता चालता, न थांबता, जसं आपण जाता जाता दिवा मालवतो. रिकामं स्टूल, अर्धा ग्लास, हात गेला. माणूस खाली आपल्या दोस्ताचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय आणि मी त्याची जागा राखून ठेवतेय! इतकं स्पष्ट, की मला अंगठ्याला गारवा लागला. पण मग वाटलं, हे आठवतंय, की सोमवारपासून मी ते तयार केलंय? माझं कामच ते आहे ना. जबड्यात एक जागा रिकामी असते, शेजारचे दोन दात बघायचे, समोरचा बघायचा, आणि तिथे शोभेल असा दात घडवायचा. इतका बेमालूम की ज्याच्या तोंडात आहे त्यालाही महिन्याने कळत नाही कुठला आपला.

आणि शुक्रवारी त्याच्या शेवटच्या अर्जाची सुनावणी आहे. हा शुक्रवार, परवाचा. हे मला पेपरातून आधीच माहीत होतं. त्याच्यानंतर काही नाही. मग फाशीची तारीखच.

काल मी वहिनीकडे गेले, लिफ्टवाल्याच्या बायकोकडे. तुला माहितीये मी जाते अधूनमधून, कोर्टाच्या बाकावर महिनोन्महिने शेजारी बसलो आम्ही, तिने मला घरचीच मानलंय. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अजून तपासणीचं ते कार्ड आहे, वरच्या चार ओळींत त्याची सही, खाली दुसऱ्याच कोणाची. चौथ्या मजल्यापर्यंत मी त्या सहीकडेच बघत होते. वहिनी कपड्यांना इस्त्री करत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती थांबली नाही, शर्टाची बाही फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू मला विचारायला आलीस का?" मी म्हटलं, सांगायला आले. "नाही गं. सांगायला वकिलाकडे जातात. माझ्याकडे तू विचारायला आलीस." शर्ट उलटा करून ती म्हणाली, "मी हो म्हटलं तर मी नवऱ्याला विसरले. नाही म्हटलं तर एका माणसाच्या गळ्यातला दोर मी ओढला. तुझं लोढणं माझ्या गळ्यात नको घालूस, मला माझं आहे तेवढं पुरे आहे." मला रडू आलं. तर म्हणते, "रडतेस काय, बस, खाऊन जा, पिवळी पडलीयेस." आणि खरंच वाढलं तिने मला. मी खात होते आणि ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "एक सांग. तो शेवटी हसत होता का? तू म्हणाली होतीस कोर्टात, थट्टा चालली होती." मी म्हटलं, हो वहिनी, हसत होता. मीसुद्धा. ती म्हणाली, "त्याला कळायचंच नाही कुठे थांबायचं. मला वीस वर्षं छळलं त्या थट्टेने." आणि उठून इस्त्रीचं बटण बंद केलं. जिन्यापर्यंत सोडायलाही आली नाही, नेहमी येते.

आणि आज दुपारी अर्धी सुट्टी काढून मी गार्डच्या वकिलाकडे गेले. आताचा वकील वेगळा आहे, म्हातारा, सर्दी झालेला, टेबलावर फायलींचे असे ढीग की त्याचा फक्त चष्मा दिसत होता. मी बोलले. तुला सांगतेय तसंच, धापा टाकत. त्याने सगळं ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाला, "पाच वर्षं कुठे होता बाई?" मी म्हटलं, मला माहीतच नव्हतं. त्याने फाईलमधून तो फोटो काढला, मोठा केलेला. चकतीच्या कडेला ओला डाग होता. अंगठ्याएवढा! मी जवळजवळ ओरडलेच, हा बघा, माझा, बर्फाचा! तो म्हणाला, "ग्लासही गार होता. त्याचेही हात ओले असतील. डागावर नाव नसतं." मग कागद पुढे ओढला आणि लिहिताना मोठ्याने म्हणत गेला. 'गोळ्यांचा आवाज झाल्यानंतर, टेलिफोनकडे जाताना, सदर चकती मी माझ्या हाताने ठेवली, हे मला पक्कं आठवतं.' मी म्हटलं, साहेब, 'मला वाटतं' असं लिहा ना. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "किती वाटतं?" मी म्हटलं, बारा आण्यांहून जास्त. कधी कधी पुरे सोळा आणे. कधी कधी आठच. तो म्हणाला, "बाई, तुम्ही भल्या आहात, पण 'मला वाटतं' यावर आजवर कोणी कोणाला फाशीच्या तख्तावरून खाली उतरवलेलं नाही. ते विचारतील, तेव्हा शपथेवर एक सांगितलं आणि आता दुसरं, मग खोटं कुठलं? तुम्हाला सोलून काढतील. तुमच्यावर खटलाही होऊ शकतो. तेव्हा तुम्ही 'पक्कं' म्हणून उभ्या राहिलात तर काहीतरी होईल. नाहीतर घरी जा, मी तुम्हाला बघितलंच नाही." आणि खुर्ची वळवून खिडकीबाहेर बघत बसला. मुद्दाम. मला वेळ देत होता.

मी काय काय विचार केला असेल सांग. गार्डने त्या माणसाला मारलं, हे तर खरंच ना. माझ्यापासून दोन फुटांवर. मग मी कोणाला वाचवायला निघालेय? आणि डिकी? कुलूप खरंच बिघडलेलं असेल, कोणी बघितलंय? समजा तो गेलाच असेल, समजा चकती त्यानेच ठेवली असेल, थंड डोक्याने, आणि माझा हात नुसता सोमवारपासून स्वतःला शहाणा समजायला लागला असेल? मग मी वहिनीच्या ताटात जेवून तिच्या नवऱ्याच्या खुन्यासाठी खोटी शपथ घेतेय. आणि समजा माझा हात खरा असेल आणि मी घरी गेले, तर परवा संध्याकाळी बातमी येईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाचा तरी वरचा सुळा बसवत असेन. कोर्टात मला खात्री होती, पक्की, आणि मी खरं तेच बोलले, आणि त्याने काय झालं बघ. मला एकदम त्या खात्रीचीच शिसारी आली. अशी कशी होते मी इतकी पक्की? साडेपाचची बस डोळ्यांसमोर असताना?

मी सही केली. 'पक्कं आठवतं' च्या खाली. वकिलाने कागद उचलला, फुंकर मारली, आणि मला वाटलं आता हा काहीतरी चांगलं बोलेल, तर म्हणाला, "शुक्रवारी दहाला, उशीर नको." मी दार उघडलं तर बाहेर बाकावर एक मुलगी. माझ्याच वयाची. मी ओळखलं, नाक अगदी बापाचं. गार्डची मुलगी. तिने बहुतेक दारातून ऐकलं होतं, भिंती कसल्या, नुसत्या फळ्या. ती उठली, पण रडली नाही, पाया पडली नाही, तसलं काहीच केलं नाही, ते केलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला एकच विचारायचंय. मी बाबांना पाच वर्षं भेटायला गेले नाही. एकदाही नाही. तो निकाल वाचला आणि मला त्यांची किळस आली, ग्लास झाकून गेले म्हणून. मारलं ते मी समजून घेतलं असतं. उद्या सकाळी मला भेट मिळतेय. जाऊ का? तुमची खात्री आहे ना?" बघ, वकिलाला हवी होती ती कोर्टासाठी. हिला तशी नको होती. ही मला खरं विचारत होती, एकटीला, माझ्या डोळ्यांत बघून, आणि तिथे माझ्याकडे ते बारा आणे होते नुसते. मी म्हटलं, "हो. जा. माझी खात्री आहे." ती पटकन वळली आणि खाली गेली, दोन दोन पायऱ्या टाकत. मी तिथेच उभी, कठडा धरून. हाक मारावी वाटलं, अगं थांब, पक्कं नाही, मला वाटतं फक्त. नाही मारली. ती रस्त्यावर पोचेपर्यंत तिची पावलं ऐकत राहिले. आता बोल तू. आता मधे बोललीस तरी चालेल. ती माझ्याऐवजी तुला भेटली असती त्या जिन्यात, तर तू काय सांगितलं असतंस तिला?